डावऱ्यांचं राज्य

कोपरगाव,
सोमवार, ८ जानेवारी १९७३

अहो,

नमस्काराची जागा मोकळी सोडली आहे. लिहावा की नाही ते ठरेना. तुमचा तुम्ही समजून घ्या.

आधीच सांगते, मी परत येते असं कळवायला हे पत्र नाही. दसऱ्यानंतर मिरजगाव सोडताना मी बोलले होते, की दादानं इथं साखर कारखान्यात पोती शिवायचं काम तुमच्यासाठी बघितलंय, ते धरायला याल तेव्हाच तोंड दाखवा. ते अजून तसंच आहे. तुम्ही म्हणालात, "चांदभाईचा पडदा कोण शिवील?" मी म्हणाले, एका फडक्यापायी संसार मोडता का? त्यावर तुम्ही मशीन चालवायला घेतलीत. बायको भांडतेय आणि नवरा खाली मान घालून मशीन चालवतोय, असा माणूस मी दुसरा बघितला नाही. पाऊस नाही, पीक नाही, गावात कुणी वीतभर कापड फाडत नाही, आणि आमचे टेलर तंबूच्या सिनेमाचा पडदा रफू करतायत! जाऊ द्या. पुन्हा डोकं तापतं.

लिहायचं कारण वेगळंच आहे. काल वहिनी मला इथल्या थेटरात घेऊन गेली. पक्कं थेटर आहे, सिमेंटचं. वर पंखे, खाली खुर्च्या. रविवारी सकाळी जुनी चित्रं लावतात. बाहेर पाटी बघितली आणि काळजानं उडीच मारली. काळा मुखवटा, पांढरा घोडा, मागं किल्ला. आपलाच की! मी लग्न होऊन मिरजगावात आले त्या हिवाळ्यात चांदभाईनं आपल्या तंबूत लावला होता तो. त्यानंतर किती जत्रांना बघितला त्याची गणती नाही. वहिनीला म्हटलं, चला, आज तुम्हाला आमचा डावऱ्या दाखवते.

सगळं तसंच हो! प्रधान तसाच, मिशा पिळणारा. दार आपटलं की अख्खा किल्ला तसाच हलतो. आंधळी राणी तळघरात, आणि घोड्याला हिरोपेक्षा जास्त अक्कल. मी वहिनीला एकेक पुढचं सांगत होते. मग तो गच्चीवरून उडी मारून आला आणि त्यानं तलवार उपसली.

उजव्या हातानं.

मला आधी वाटलं, चुकून झालं असेल. लढाईत माणूस हात बदलतो कधी. पण प्रधानानं उपसली ती पण उजव्याच हातानं. पुजाऱ्यानं तीर्थ दिलं, उजव्या. राणी जेवायला बसली, उजव्या. मी वहिनीला म्हटलं, "हा तो नाही. याला बदललाय." ती म्हणते, "वन्सं, गप बसा, लोक बघतायत." मी घरी येईपर्यंत तिच्याशी बोलले नाही. नंतर तिला सांगितलं, आमच्याकडं तंबूत पडदा मधोमध उभा असतो, पुढं बाप्ये बसतात, मागं आम्ही बाया. पडद्यावर पाणी मारतात म्हणजे चित्र आरपार येतं. तिथं बसून वीस वर्षं बघितलंय, तो डावराच आहे. ती हसली. म्हणाली, जगात राजपुत्र कुठं डावरा असतो का?

माझं तुम्हाला माहीत आहे. लहानपणी डाव्या हातानं घास उचलला की आई उलथन्यानं हाणायची. शाळेत पाटीवर डाव्या हातानं लिहिलं म्हणून मास्तरांनी उभं केलं. हळदीकुंकवाला गेले तरी जीव हातात, चुकून डावा पुढं जायचा. डावरी कार्टी, डावरी कार्टी ऐकत मोठी झाले. आणि त्या तंबूत पडद्यामागं बसले, तर तिथं राजपुत्र डावरा, राणी डावरी, पुजारी डावरा, प्रधानसुद्धा डावरा. एक अख्खं राज्य, आणि तिथं कुणी कुणाच्या हातावर उलथनं मारत नाही. मी त्या रात्री घरी आले ती नवरी म्हणून नाही, त्या राज्यातली म्हणून आले. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. आता तुमच्याशी भांडण आहे म्हणून सांगायला सोपं जातंय.

तर तुम्ही त्या पडद्याचे शिंपी. ऑपरेटर तुमच्या दुकानात बसून चहा पितो. खरं काय ते लिहून कळवा. याच्या दोन वेगवेगळ्या प्रती आहेत का? बाकी काही लिहू नका.

रतन

ता. क. डावी कात्री मी आणली आहे. दुकानात शोधत बसू नका.


कोपरगाव,
रविवार, २१ जानेवारी

अहो,

तिळगूळ मिळाला. वाटेत त्याचा चुरा झाला होता, तरी खाल्ला. गोड बोला म्हणून पाठवलात, पण ते काही जमणार नाही.

तुमचं कार्डही मिळालं. "पडद्याच्या मागून उलटे दिसते. पुढून सरळ. तब्येतीस जपणे." झालं! कार्डावर एवढी कोरी जागा सोडलीत, तिच्यावर मला धोब्याचा हिशेब लिहिता आला असता. शाई महाग झाली का मिरजगावात?

मी कार्ड दोनदा वाचलं आणि मग आरशापुढं जाऊन उभी राहिले. कुंकू लावलं. आरशातल्या बाईनं दुसऱ्याच हातानं लावलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, आणि त्याच्या मागोमाग संताप आला.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं!

तुमच्या हातातून तो पडदा दर सालाला जातो. उसवला, फाटला, उंदरानं खाल्ला, की तुमच्याच मशीनवर येतो. मागून उलटं दिसतं हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत. मग वीस वर्षं मला का नाही सांगितलं? पाट्या यायच्या सिनेमाच्या सुरुवातीला, आम्हा बायांना त्या वाचता यायच्या नाहीत. आम्हाला वाटायचं उर्दू आहे. बायांच्या दाराशी तिकिटं घेणारी खातूनभाभी म्हणायची, "उर्दू न्हाई गं माय, तुमचंच हाय कायतरी." त्यांच्यात वाचणारं कुणी नव्हतं, आमच्यात मी एक सातवी झालेली, आणि मी म्हणायचे इंग्रजी असेल. पाट्या आल्या की आम्ही पान लावायला घ्यायचो. घरी येऊन हे मी तुम्हाला हसत हसत सांगितलं होतं. तुम्हीही हसला होतात. आता कळतंय कशाला हसला होतात ते.

आणि तुमच्या चुलतभावाच्या, कारभारीच्या लग्नातलं आठवतंय? पंगत उठल्यावर बाप्यांत सिनेमाचा विषय निघाला. मी वाढता वाढता बोलून गेले, की तो डावराच म्हणून प्रधानाला त्याचा वार कळत नाही. सगळे बाप्ये खो खो हसले. कारभारी म्हणाला, "वैनी, तुमी मागं बसून झोपता जनू." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेव्हा तुम्ही, कधी तोंड न उघडणारे तुम्ही, पानाचा विडा बाजूला काढून म्हणालात, "डावराच हाय." एवढंच. पण असं म्हणालात की सगळे गप्प झाले. पडद्याचा शिंपी सांगतोय म्हटल्यावर कोण बोलणार? मी आत जाऊन भाताच्या पातेल्याआड डोळे पुसले. त्या दिवशी मला वाटलं, नवरा असावा तर असा.

आणि आता वाटतंय, तुम्ही मला येडी समजून गोंजारत होता. लहान पोराला चांदोमामा खाली येतो म्हणून सांगतात तसं. मला खोटं चालतं, पण कीव नाही चालत. तुम्ही माझी कीव केलीत का? सरळ विचारते आहे. त्या दिवशी माझी बाजू घेतलीत की माझी कीव केलीत?

दोन ओळींचं कार्ड आलं तर मी वाचणार नाही. चुलीत घालीन.

इथल्या थेटराचं कौतुक संपलं. वहिनी परवा नवा रंगीत सिनेमा बघायला घेऊन गेली. बर्फात नाचतात. ती बिचारी हिरॉईन पातळ साडीत, आणि तिला साधी शिंकसुद्धा येत नाही. आणि थेटरात बोलायचं नाही, हे तर मला माहीतच नव्हतं. हिरोच्या पाठीमागून गुंड सुरा घेऊन आला, मी सवयीनं ओरडले, "मागं बघ!" तर पुढच्या खुर्चीवरचा माणूस मागं वळून माझ्याकडंच बघायला लागला. हिरोला कुणी काही सांगत नाही. तंबूत कशा आम्ही सगळ्या एका आवाजात ओरडायचो, आणि तो वळायचाच. म्हातारी बनुबाई तर छाती फुगवून म्हणायची, "माझं ऐकतो त्यो." देव प्रगट झाला की तिनं नारळ फोडायचा, आणि पाणी पडद्यावर उडालं म्हणून चांदभाईनं ओरडायचं. गालिचा उडायचा तर त्याची तार आम्हाला दिसायची, तरी आमचे पाय जमिनीवरून सुटायचे. खोटं आहे हे आम्हाला कुणी सांगायला नको होतं. तार दिसत होती ना! पण गालिचा उडत होता, तेही दिसत होतं.

रतन


कोपरगाव,
मंगळवार, ६ फेब्रुवारी

अहो,

नमस्कार. यावेळी लिहिला आहे, नीट बघा.

पोस्टमननं निळं आंतरदेशीय दिलं तेव्हा मला वाटलं दादाचं असेल. तुमचं अक्षर आणि आतून तिन्ही घड्या भरलेल्या! मी ते घेऊन मागच्या अंगणात गेले. वहिनी खिडकीतून बघत होती, तिला पाठ केली.

तुम्ही लिहिलंय ते मी इथं पुन्हा उतरवते, कारण तुम्ही असं लिहिलंत यावर माझा अजून विश्वास बसत नाही. तुम्ही लिहिता, की लग्नानंतर पहिल्यांदा मी तंबूतून घरी आले आणि जेवताना डाव्या हातानं घास उचलला. सासूबाई ओरडल्या. मी म्हणाले, राणीसुद्धा डाव्या हातानं जेवते. आणि ताट सारून उठले. मला हे आठवत नाही. तुम्हाला आठवतं. तुम्ही लिहिता, "मला वाटले, नवी मुलगी आहे, राग आला म्हणून काहीही बोलते. पण मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी दुपारी चांदभाईला सांगितले, पडदा तपासायचा आहे, एक रीळ लाव. आणि मागे जाऊन तू बसली होतीस तिथे बसलो. राणी डाव्या हाताने जेवत होती. तू खोटे बोलली नव्हतीस. म्हणून मग मीही कधी खोटे बोललो नाही."

आणि पुढं लिहिता, "त्याच आठवड्यात नगरला जाऊन लोहाराकडून कात्री उलटी करून आणली."

अहो, ती कात्री! मला वाटायचं नगरच्या बाजारात तशी मिळते. मी वीस वर्षं त्या कात्रीनं कापड कापतेय. डाव्या हाताची कात्री कुठंच मिळत नाही हे मला इथं येऊन कळलं, दुसरी घ्यायला गेले आणि दुकानदार माझ्या तोंडाकडं बघायला लागला तेव्हा. इथं मी शेजारणींची पोलकी शिवते. सांगणार नव्हते, पण आता तुम्ही एवढं सांगितलंत तर घ्या. वहिनीच्या मशीनवर शिवते, आणि गळे तुम्ही शिकवलेत तसेच काढते. बायका म्हणतात, बाहीला चुणी पडत नाही. मी म्हणते, मिरजगावचा हात आहे.

कीव केली का या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मी त्या अंगणात बसून किती रडले ते विचारू नका. आता मी मऊ झाले असं समजून खुशीत येऊ नका, कारण काल दुसरं एक पत्र आलं आहे.

घोडेगावहून, आपल्या कुसुमचं. लेकीनं लिहिलंय, तंबू सध्या तिच्या गावी बाजाराच्या माळावर लागलाय आणि "बाबा पण इथंच आहेत". तिला वाटलं मला माहीत असेल. ती लिहिते, की लोक जनावरं विकायला आणतात, घ्यायला कुणी नाही, सिनेमाला तर कोण येणार? प्यायला पाणी नाही तिथं पडद्यावर मारायला कुठलं? कोरड्या पडद्यातून मागं नुसत्या सावल्या दिसतात, म्हणून बायांनी यायचं सोडलं. चांदभाई या मुलखाला कंटाळले. शिवरात्र झाली की तंबू ट्रकवर चढवून तापीकाठी खानदेशात जायचं, तिकडं पाणी आहे, केळी आहेत, लोकांच्या हातात कामं आहेत. आणि पुन्हा इकडं यायचं नाही. आणि "बाबा बरोबर जाणार आहेत, दुकानाला कुलूप लावून आलेत."

हे मला लेकीकडून कळावं? निळ्या कागदाच्या तिन्ही घड्या भरल्यात, त्यात वीस वर्षांपूर्वीची राणी मावली, आणि शिवरात्र झाली की तुम्ही मुलूख सोडून जाणार ते मावलं नाही? की मुद्दाम नाही लिहिलंत? तुम्हाला वाटलं असेल, ही कशाला येतेय, हिनं अट घातलीय. हो, घातलीय. पण अट घातलेल्या माणसाला विचारायचं नसतं असं कुठं आहे?

मला पोती शिवायचं काम नको, पैसा नको, खानदेश की कोपरगाव त्याचंही काही नाही. मला एकदा विचारा. तुम्ही माझ्यासाठी लोहाराकडं जाता, चारचौघांत माझी बाजू घेता, आणि घरात मशीनखाली मान घालून बसता. मी निघाले तेव्हासुद्धा "जाऊ नको" म्हणाला नाहीत. पिशवी तेवढी बसपर्यंत आणून दिलीत! येतेस का, राहतेस का, नको येऊस, काहीतरी एक तोंडानं म्हणा. मी कागदावरचं धरणार नाही. तोंडानं. तुम्ही गेलात आणि हे राहिलं, तर मी तुम्हाला या जन्मी माफ करणार नाही.

रतन


कोपरगाव,
शनिवार, १७ फेब्रुवारी

अहो,

तुमचं कार्ड मिळालं. "शुक्रवारी बाजार. तोच खेळ लावणार आहोत, शेवटचा. बायांची बाजू कोरडीच." पुन्हा दोन ओळी. बरं, बरं. सवयीचा माणूस आहे.

शुक्रवारी मी घोडेगावला येते आहे. कुसुमच्या धाकट्याला खोकला झालाय म्हणे, त्याला बघायला. तुम्हाला भेटायला नाही, उगीच गैरसमज नको.

इथं पाटाला पाणी आलंय. तेलाचा रिकामा डबा घासून ठेवलाय, त्यात भरून आणते. दादा म्हणाला, "दुष्काळात पडद्यावर वतायला पाणी नेतीस? देव बघतोय." मी म्हटलं, देवानं पण त्याच पडद्यावर दर्शन दिलंय आम्हाला. तरी डबा त्यानंच एसटीच्या टपावर चढवून द्यायचं कबूल केलंय.

एक मात्र आहे. तुम्ही त्या दिवशी मागं बसायचं. माझ्याशेजारी. रिकाम्या तंबूत दुपारी एकटं बसून बघणं वेगळं आणि बायांत बसून बघणं वेगळं. खातूनभाभीला सांगून ठेवा.

रतन


कोपरगाव,
रविवार, २५ फेब्रुवारी

अहो,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. नगरच्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा झालाय, तो पुढच्या कंडक्टरकडं देईल आणि ते उद्या तुमच्या हातात पडेल. पोस्टावर भरवसा ठेवायला वेळ नाही.

मी कुठं चुकले आणि तुम्ही कुठं, ते मला आज नीट मांडायचंय, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

स्टँडवर उतरले तर तुम्ही उभे होतात. मला वाटलं पिशवी घ्याल. तुम्ही आधी टपावर चढून डबा उतरवलात. हलवून बघितलात. "भरलेला हाय," म्हणालात. चार महिन्यांनी बायको भेटली आणि हे पहिलं वाक्य! मी रागानं पुढं चालायला लागले. कुसुमच्या घरी गेलो तर तिची सासू त्या डब्याकडं अशी बघायला लागली, की माझा हात आपोआप झाकणावर गेला. आधी लेकरांना दिलं. मग म्हातारीनं तांब्याभर घेतलं, डोळे मिटून प्यायली. अर्धा डबा तिथंच गेला. गेला ते चांगलं झालं, त्याचं मला काही वाटत नाही.

उरलेलं अर्धं तुम्ही पडद्यावर मारलंत. हातानं, थेंबाथेंबानं, खालून. वरपर्यंत पुरलंच नाही. खालचा अर्धा पडदा उजळ आणि वरचा मळका! घोड्याचे पाय झगझगीत दिसतात आणि हिरोचं तोंड धुरात. बाया हसून हसून लोळल्या. पण आल्या होत्या हो, पाणी मारलंय म्हणून कुणीतरी सांगितलं असेल, बाजारातून उठून आल्या होत्या. ज्यांची बैलजोडी त्या सकाळी मातीमोल गेली त्या पण आल्या होत्या. तुम्ही आत आलात तशी एकजण ओरडली, "आगं बया, बाप्या कुठनं आला ह्यो?" खातूनभाभी दारातून म्हणाली, "टेलर हाय त्यो. पडदा फाटला तर लागंल." मग कुणी हाकललं नाही. तुम्ही माझ्याशेजारी बसलात, गुडघे पोटाशी धरून, शाळेतल्या पोरासारखे.

आणि त्यानं तलवार उपसली. डाव्या हातानं. तोंड धुरात होतं पण हात लख्ख उजेडात. मी तुमच्याकडं बघितलं नाही. मला भीती होती, की आता मला सगळं कळलंय, आरशातलं गणित कळलंय, आता ते राज्य दिसणार नाही. दिसलं. राणी जेवायला बसली, अगदी त्या पहिल्या हिवाळ्यासारखी. खरं कळल्यानं ते कुठं गेलं नाही. का, ते मला सांगता येणार नाही.

मग गच्चीवरची मारामारी. प्रधानाचा माणूस पाठीमागून सुरा घेऊन आला. बाया सावरून बसल्या, मी श्वास घेतला ओरडायला, आणि माझ्या कानाशी कुणीतरी असं ओरडलं की मी दचकले.

"मागं बघ रं! आरं मागं बघ!"

तुम्ही! गुडघ्यावर उठला होतात, दोन्ही हात वर. मानेच्या शिरा ताठ. तुमचा तेवढा आवाज मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. सगळ्या बाया तुमच्या मागून ओरडल्या, आणि तो वळला. तुम्ही खाली बसलात. धापा टाकत होतात. मी तुमचा हात धरला, डाव्या हातानं, आणि खेळ संपेपर्यंत सोडला नाही.

मला वाटलं आता बोलतील. बाहेर आल्यावर बोलतील. कुसुमच्या ओट्यावर बोलतील. सकाळी उठून चहा घेतलात, नातवाला खेळवलंत, मला स्टँडवर आणलंत. डबा तुमच्याजवळच ठेवून घेतलात. मी गाडीत बसले. खिडकीशी उभे राहिलात आणि म्हणालात, "पोचल्यावर कळीव." तेव्हा माझ्या मनातलं सांगते, मी त्या क्षणी ठरवलं होतं, की संपलं. एका कापडावरच्या माणसाला हाक मारता येते आणि मला नाही, तर राहू दे. कंडक्टरनं घंटी दिली. मी समोर बघत बसले.

गाडी फाटकातून वळली आणि मागून आवाज आला.

"रतन! आगं ए रतन!"

अहो, वीस वर्षांत तुम्ही मला चारचौघांत नावानं हाक मारली नाही. कुसुम झाल्यावर कुसुमची आई, त्याच्या आधी तर नुसतं खाकरायचात. मी खिडकीतून मान काढली. तुम्ही धावत होतात. या वयात, धोतराचा सोगा हातात धरून, स्टँडवरची माणसं दुतर्फा उभी राहून बघतायत. "रतन, चल माझ्याबरुबर! मला न्हाई करमत! चल गं!"

कंडक्टर म्हणाला, "बाई, थांबवू का गाडी?"

आणि मी मेली काय म्हणाले? "न्हाई, चला."

लाज वाटली हो! सगळी गाडी माझ्याकडं बघत होती. एक म्हातारा तर पुढच्या बाकावरून उठून बघायला आला. माझ्या तोंडून दुसरं काही निघेचना. तुम्हाला ते ऐकू गेलं की नाही देव जाणे, पण गाडी थांबली नाही ते तुम्ही बघितलंत, आणि तुम्ही थांबलात तेही मी बघितलं. धुळीत उभे होतात. नगर येईपर्यंत मी पदर तोंडाला लावून बसले. रडत होते आणि हसतही होते. शेजारच्या बाईनं विचारलं, कोण गेलं तुमचं? मी म्हटलं, कुणी गेलं नाही, सापडलंय.

तर हे घ्या माझं उत्तर. येते.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, तंबूच्या मागं मुलूखभर फिरणार? लोक काय म्हणतील? मी म्हटलं, त्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत, मला ज्यानं म्हणायचं होतं तो म्हणाला. वहिनीनं माझी लुगडी घडी करायला घेतली. खातूनभाभीचे गुडघे गेलेत, बायांच्या दाराशी मी उभी राहीन. दिवसा पोलकी शिवीन. पाऊस पडला की मिरजगावला परत यायचं, दुकानाचं कुलूप उघडायचं, हे मात्र आत्ताच कबूल करा, आणि तोंडानं करा. आता तुम्हाला येतं ते.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघते. चांदभाई मला बाईमाणूस म्हणून ट्रकमध्ये पुढं ड्रायव्हरजवळ बसवायला बघतील. त्यांना सांगून ठेवा, मी पुढं बसणार नाही. मी मागं, तंबूच्या कापडावर बसणार, तुमच्या शेजारी. मी येईपर्यंत ट्रक हलू देऊ नका.

रतन